गाडीत बसायला नाही, गाडी बघायला!

मैत्रिणींनो, आपण बायका रेल्वे स्टेशनवर कधी जातो? माहेरी जायचं असेल, लग्नाला जायचं असेल, शेगावला दर्शनाला जायचं असेल, नाहीतर कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा. आणि गेलो तरी आपलं लक्ष कुठे असतं? पिशव्या मोजण्यात, लेकराचा हात धरण्यात आणि ‘अहो, आपला डबा कुठे येतो?’ हे विचारण्यात. गाडी आली की चढायचं, जागा धरायची, दशम्यांचा डबा सीटखाली सरकवायचा. ज्या गाडीनं जन्मभर प्रवास केला, ती एकदा शांतपणे उभं राहून आपण पाहिलेली नसते. तिचं इंजिन कुठलं, ते कोण चालवतं, शेवटच्या डब्यावर ती मोठी पिवळी फुली कशाला काढतात, हे कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही.

पण हे सगळं बघण्याचा नाद असलेली माणसं जगात खूप आहेत बरं का! इंग्लंडमध्ये १९४२ साली इयान ॲलन नावाच्या तरुणानं रेल्वे इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका काढली. मग काय, शाळकरी पोरं वही-पेन्सिल घेऊन फलाटावर उभी राहायला लागली आणि दिसलेल्या इंजिनाच्या नंबरावर खूण करायला लागली. आपल्याकडेही असे नादिष्ट आता पुष्कळ आहेत. त्यांना ‘रेलफॅन’ म्हणतात. बहुतेक सगळी मुलंच. मुलींना स्टेशनवर नुसतं उभं राहायला कोण पाठवतं?

आमच्या घरात मात्र हा नाद लागला तो मुलीला. माझ्या धाकट्या जावेची मुलगी, यंदा दहावीची परीक्षा दिलेली. लहानपणापासून वाशीम स्टेशनजवळून जाताना ही फाटकापाशी थांबणारच. वहीत गाड्यांचे नंबर, इंजिनांची चित्रं. इथवर सगळे कौतुक करत होते. पण परीक्षा संपल्यावर तिनं जाहीर केलं, “मी इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करणार आणि रेल्वेचं इंजिन चालवणार.” झालं! घरात एकदम शांतता.

सासूबाई म्हणाल्या, “पोरीच्या जातीले इंजिन चालवनं शोभते काय?” भाऊजींची काळजी वेगळी होती. ते म्हणाले, “वहिनी, रात्री-अपरात्रीची ड्युटी. उद्या लग्न कसं जमायचं हिचं? त्यापेक्षा तुमच्यासारखं बी.ए. करावं, मग पाहू.” आता मी पडले बी.ए. झालेली! त्या पदवीबद्दल मला आदर आहे, पण ती ‘मग पाहू’साठी घ्यायची असते असं मला वाटत नाही. बचत गटाच्या कामात मी रोज बघते, मुलीनं काय शिकावं हे ठरवताना ते काम कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून मी म्हटलं, आधी बघू तर द्या पोरीला. मलाही बघू द्या. १ मेच्या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला होता. डोंबिवलीला माझी नणंद राहते. राहण्याची सोय झाली, आणि आम्ही दोघी निघालो. काम काही नाही. नुसत्या गाड्या बघायला!

वाशीमहून अकोला आणि अकोल्याहून रात्रीची अमरावती-मुंबई एक्सप्रेस. मे महिन्याची गर्दी, एकाच सीटवर दोघी बसून रात्र काढली. पोरगी झोपली नाहीच. पहाटे इगतपुरीला मला हलवून उठवलं, “मोठी आई, आता कसारा घाट लागते, पाय नं!” बाहेर अंधार, दिसणार काय कपाळ? पण ब्रेकचा आवाज, बोगद्यात शिरताना कानाला बसणारा दडा, हे सगळं तिनं वहीत लिहून घेतलं.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. एरवी उतरलं की टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत बाहेर पडायचं. यावेळी आम्ही आधी इंजिनापर्यंत चालत गेलो. त्याच्यावर लिहिलं होतं डब्ल्यूएपी-७. ही अक्षरं कशी वाचायची ते पुतणीनं मला शिकवलं, ते तुम्हालाही सांगते. पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ज्याला ब्रॉडगेज म्हणतो ते. वाय म्हणजे मीटरगेज, म्हणजे आपल्या अकोला-पूर्णा मार्गावर २००८ पर्यंत होते ते. झेड म्हणजे त्याहून अरुंद, अडीच फुटांचे. दुसरं अक्षर ए असेल तर एसी वीज, डी असेल तर डिझेल. तिसरं पी असेल तर प्रवासी गाडीचं इंजिन, जी असेल तर मालगाडीचं. बस, एवढंच! डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो डबा बनला ते वर्ष. पोरगी एका डब्यापुढे उभी राहून म्हणते, “मोठी आई, हा डबा माह्यापेक्षा मोठा आहे वयानं.” आणि ती पिवळी फुली? गाडी पुरी गेली, मागे एखादा डबा तुटून राहिला नाही, हे स्टेशनवरच्या माणसाला त्या फुलीवरून कळतं. इतकी साधी गोष्ट!

स्टेशनची इमारतही त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून पाहिली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं ती उभारली. १८७८ साली काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. दगडातलं कोरीव काम मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलं. २००४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण मला सर्वांत आवडलं ते अगदी वर, घुमटावर. तिथे एक स्त्री उभी आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव ‘प्रगती’. म्हटलं, वा! इतकी वर्षं रेल्वेच्या डोक्यावर बाईच उभी आहे आणि आम्ही घरी वाद घालतोय!

याच बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर. चौदा डबे आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिनं. इथूनच ३ फेब्रुवारी १९२५ ला कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. आम्ही उभ्या होतो तो फलाट असा इतिहासाचा.

सकाळी थोड्या वेळानं पुण्याची डेक्कन क्वीन आली. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी. आता २०२२ पासून तिला नवे हिरवे-लाल डबे लागले आहेत. नव्वदीच्या पुढची म्हातारी, पण नव्या साडीत! इंजिन थांबलं तशी पुतणी आत डोकावायला लागली. तिच्या मनात कोण होतं ते मला माहीत होतं. सुरेखा यादव. सातारा जिल्ह्यातल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत आल्या आणि १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. आधी मालगाडी, मग २००० मध्ये मुंबईची महिला विशेष लोकल, मग घाटातल्या गाड्या. ८ मार्च २०११ ला, महिला दिनी, त्यांनी ही डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत आणली. ३६ वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. विचार करा, त्या नोकरीला लागल्या तेव्हा मागे वळून बघावं अशी एकही बाई त्या वाटेवर नव्हती. आज आमच्या पोरीला निदान नाव तरी घेता येतं.

संध्याकाळी डोंबिवलीला नणंदेकडे गेलो. वीस वर्षं तिनं डोंबिवली ते सीएसएमटी लोकलनं नोकरी केली आहे. आमचा बेत ऐकून ती पोट धरून हसली. “वहिनी, जिच्यापायी माझं अर्धं आयुष्य उभ्यानं गेलं, ती बघायला सुट्टीच्या दिवशी कोण जातं?” पण जेवताना तिच्याच गोष्टी संपेनात. लेडीज डब्यात निवडलेली भाजी, संक्रांतीचं धावत्या गाडीतलं हळदीकुंकू, चौथ्या सीटवरची भांडणं, बाळंतपणाच्या रजेवर जाताना मैत्रिणींनी डब्यात भरवलेले पेढे. रात्री म्हणाली, “उद्या मीही येते.”

शनिवारी तिघी निघालो. तीन दिवसांचा टुरिस्ट पास काढला होता, त्यामुळे कुठेही चढा, कुठेही उतरा. कल्याणला रेल्वेची वाट फुटते. एक फाटा कसाऱ्याकडे, म्हणजे आपल्या नाशिक-भुसावळ-अकोल्याच्या वाटेनं, आणि दुसरा कर्जत-पुण्याकडे. आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो. वाटेत नेरळला माथेरानची छोटी गाडी उभी होती. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली, १९०७ पासून चालणारी, दोन फुटी रुळांची. तिकिटं केव्हाच संपली होती, पण आम्हाला कुठे बसायचं होतं? ती वळणं घेत डोंगराला लागली तोवर बघत राहिलो. मला मात्र आपली शकुंतला आठवली. मूर्तिजापूर-यवतमाळ गाडी, आपल्या कारंज्यावरून जायची ती. तिचे रूळ अडीच फुटी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. आता तीही गाडी बंद आहे. माथेरानच्या गाडीपुढे लोक फोटो काढायला रांग लावतात. आपल्या शकुंतलेनं कापूस वाहिला, लेकी सासरी नेल्या, पण तिच्या वाट्याला हे कौतुक फारसं आलं नाही.

पुढे कर्जत. इथे गाडीबरोबर काय होतं ते बघण्यासारखं आहे. कर्जतच्या पुढे लोणावळ्यापर्यंत भोर घाट, म्हणजे बोरघाट. चढ इतका की ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. पुढच्या एका इंजिनाला हे झेपत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना इथे मागून दोन-तीन इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. वंदे भारतला हे लागत नाही, कारण तिच्या मोटारी डब्यांखालीच असतात. मागची इंजिनं येऊन लागताना ‘खट्ट’ असा आवाज होतो, दोन्हीकडून शिट्ट्या होतात आणि गाडी हलते. नणंद म्हणाली, “आपल्या घरासारखंच की! नाव पुढच्याचं आणि मागून ढकलणारे वेगळेच.”

या घाटाचीही एक बाई आहे, बरं. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये घाटाचं काम घेऊन आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारला. त्याची बायको ॲलिस बाडबिस्तरा आवरून परत जाऊ शकली असती. तिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणकार माणसं नेमली आणि १८६३ मध्ये घाट पुरा करून दाखवला. त्या कामावर आपल्या मुलखातले हजारो मजूर राबले, त्यात बायाही होत्या. कितीतरी जण साथीत, अपघातात गेले. त्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

फलाटावर चहाच्या गाड्यापाशी एक तरुण मुलगी गणवेशात उभी होती. खांद्याला बॅग. पुतणीनं मला कोपरानं ढोसलं. मीच धीर करून विचारलं. ती सहायक लोको पायलट होती. गावाकडून आलोय, खास बघायला आलोय म्हटल्यावर मोकळेपणानं बोलली. सिग्नल दिसला की चालक आणि सहायक दोघांनी तो हात करून मोठ्यानं पुकारायचा असतो, हे तिनं करून दाखवलं. पुतणीचे डोळे चमकले. पण मला वरवरचं ऐकायचं नव्हतं. म्हटलं, “ताई, त्रास काय ते सांगा.” तिनं सांगितलं. दिवाळी-दसरा घरी मिळेलच असं नाही. झोपेची वेळ ठरलेली नाही. बहुतेक इंजिनांत शौचालय नसतं, त्यामुळे ड्युटीवर निघाल्यावर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. घरचं कुणी मुलं सांभाळणारं हवं. “पण काकू,” ती म्हणाली, “पगार माझ्या हातात येतो. आणि पोरीला इंजिनातून उतरताना पाहिलं की माझे बाबा चार माणसांत सांगतात, ही माझी लेक.”

हे दोन्ही ऐकायला मिळालं म्हणून बरं वाटलं. मुलींना स्वप्नं दाखवताना आपण अर्धीच दाखवतो, आणि नाही म्हणतानाही अर्धंच सांगतो.

रविवारी मुंबईत मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग ठरलेल्या वेळेपुरते बंद. त्यामुळे रखडत दादरला पोचलो. इथे मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे शेजारी-शेजारी धावतात. पुलावर उभं राहून बघावं असं वाटलं, पण पोलिसानं लगेच पुढे व्हायला सांगितलं. बरोबरच आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला जवळच्याच एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल चालण्यासाठी असतो, थांबण्यासाठी नाही. मग फलाटाच्या टोकाला बाकावर बसलो. एक लोकल गेली की दुसरी. सुट्टीच्या दिवशी हे, तर रोज काय होत असेल! सारी मुंबई अशीच गाडीला लटकून पोट भरायला धावते. नणंद पहिल्यांदाच लोकल सोडून देत होती, चढायची घाई न करता. मध्येच म्हणाली, “किती सुंदर वळते गं ही. आत असताना कधी कळलंच नाही.”

शेवटी माटुंगा. मध्य रेल्वेचं हे स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला चालवतात. स्टेशन व्यवस्थापक, तिकीट देणाऱ्या, तिकीट तपासणाऱ्या, पोलीस, सफाई करणाऱ्या, सगळ्या बायाच. आम्ही अर्धा तास तिथे बसलो. विशेष काय दिसलं? काहीच नाही! गाड्या आल्या, गेल्या, तिकिटं फाटली, घोषणा झाल्या. इतर स्टेशनासारखंच सगळं चाललं होतं. आणि मला वाटतं, विशेष ते हेच.

रात्रीच्या गाडीनं परत निघालो. घरी आल्यावर भाऊजींना मी काही भाषण दिलं नाही. पुतणीनं वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. कर्जतच्या ताईंनी सांगितलेले त्रासही तिनं त्यात लिहिले होते, एकेक करून. भाऊजींनी ते पान दोनदा वाचलं. सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. त्यांचं माहेर कारंज्याचं. मध्येच म्हणाल्या, “आपल्या शकुंतलेवानी गाडी पायली का तिकडं?” माथेरानच्या गाडीचे फोटो दाखवले तर मोबाइल हातातून सोडेनात. मग त्यांच्याच आठवणी निघाल्या. पहिल्या दिवाळीला माहेरी नेणारी शकुंतला, तिकीटही देणारा आणि गाडीही सोडणारा एकच गार्ड, वाटेत पळत येणाऱ्या बाईसाठी थांबलेली गाडी. बोलता बोलता म्हणाल्या, “मले बी लय वाटे, इंजिनात काय असंन म्हून. पन कोन पाहू देते?” साठ वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती!

दहावीचा निकाल लागायचा आहे. भाऊजी अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. पण परवा त्यांनी मला विचारलं, “वहिनी, आयटीआयचे फॉर्म कधी निघतात हो?” मी तारीख विचारून ठेवते म्हटलं.

तुमच्याही घरी अशी एखादी पोरगी असेल तर माहिती लिहून ठेवा. सहायक लोको पायलट व्हायला दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, डिझेल मेकॅनिक अशा ठरावीक ट्रेडचा आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. वय १८ पूर्ण हवं. रेल्वे भरती मंडळाची परीक्षा मराठीतूनही देता येते. नजर मात्र चष्म्याशिवाय चांगली हवी, त्यात सूट नाही. म्हणून डोळे आधी तपासून घ्या, उगाच पोरीची वर्षं वाया जायला नकोत.

आणि नोकरी-बिकरी काही नसेल, तरी गाड्या बघायला काय हरकत आहे? त्यासाठी मुंबईलाच जायला पाहिजे असं नाही. आपलं वाशीम स्टेशन आहे, अकोला आहे, मूर्तिजापूर आहे. दहा रुपयांचं फलाट तिकीट दोन तास चालतं. गर्दीच्या दिवसांत मोठ्या स्टेशनांवर ते कधी कधी बंद ठेवतात, तेवढं विचारून जा. पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभं राहायचं, रूळ ओलांडायचे नाहीत, गाडीकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत. सोबत एक वही, पाण्याची बाटली आणि घरातली एखादी मुलगी. हातात पिशवी नको, कुणाला पोचवायचं नको, कुणाला आणायचं नको. दोन तास नुसतं बघायचं. बघता बघता ती मुलगी काय विचारते, तिकडे मात्र कान असू द्या.